दुखणे केसपेपरवर येऊ द्या

तंजावरचे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांची टिपणे ठेवली जात. त्यांतली काही सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत, आणि त्यांत रोगट डोळ्यांची हाताने काढलेली चित्रेसुद्धा आहेत. जे दिसले ते लिहून आणि रेखाटून ठेवायचे, ही शिस्त एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या दवाखान्याला लावली. दुखण्याचे मात्र चित्र निघत नाही. आजच्या आपल्या केसपेपरवरही गाठीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये असते आणि दुखण्यापुढे नुसती बरोबरची खूण.

मुखकर्करोगात ही खूण फार अपुरी पडते. तंजावर-कुंभकोणम पट्टा विड्याच्या पानांचा, आपला तंबाखू-चुन्याचा आणि गुटख्याचा. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच प्रसिद्ध केले. अशा तोंडाचा रुग्ण सांगतो, "घास चावला की कळ थेट कानात जाते." कान तपासला तर स्वच्छ असतो, कारण जिभेची आणि कानापुढची संवेदना एकाच मॅन्डिब्युलर नर्व्हच्या शाखा वाहतात. कधी हनुवटी बधिर होते. तेव्हा रोग जबड्यातल्या नर्व्हपर्यंत पोहोचला असण्याची शंका घ्यायलाच हवी.

गाठ वाढली, नर्व्ह दाबली गेली, म्हणून दुखले, हे आपण शिकलेले स्पष्टीकरण आता पुरत नाही. कर्करोगाच्या पेशी नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एंडोथेलिन, एटीपी आणि प्रथिने तोडणारी विकरे सोडतात. त्यांनी संवेदी तंतू इतके हळवे होतात की साधा स्पर्शही झोंबतो. गाठ लहान असूनही रुग्ण जेवण टाळतो, त्यामागे हेच असू शकते.

उलट दिशेनेही व्यवहार चालतो. मोरान अमित आणि सहकाऱ्यांनी २०२० साली 'नेचर'मध्ये दाखवले की पी-५३ गमावलेल्या मुखकर्करोगाच्या पेशी संवेदी तंतूंचा स्वभावच पालटतात; ते तंतू अ‍ॅड्रिनर्जिक बनून गाठीच्या वाढीला हातभार लावतात. २०२२ साली मेलानोमात आढळले की वेदनावाहक तंतूंतून सुटणारे सीजीआरपी हे रसायन सीडी-८ पेशींना थकवते. २०२४ साली वीणा पद्मनाभन आणि सहकाऱ्यांनी स्तनकर्करोगाच्या प्रसारात 'सबस्टन्स पी'चा हात दाखवला. उलटीसाठी आपण रोज लिहून देतो त्या अ‍ॅप्रेपिटंटने उंदरांमध्ये गाठीची वाढ आणि प्रसार रोखला गेला.

उंदरांमध्ये. एवढ्या आधारावर कर्करोगाच्या उपचारासाठी अ‍ॅप्रेपिटंट किंवा प्रोप्रानोलॉल लिहून देणे हा उतावीळपणा ठरेल. माणसांवरचा मोठा पुरावा एका वेगळ्या वाटेने आला आहे, आणि तो मुंबईतून. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर चाचणी केली. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. लिग्नोकेन सोडियम चॅनेल बंद करते आणि असे चॅनेल कर्करोगाच्या पेशींवरही असतात. त्यामुळे हा परिणाम नर्व्ह बधिर झाल्याने आला, असे म्हणता येत नाही. मात्र स्वस्त औषध आणि नेटकी चाचणी यांच्या बळावर आपल्या रुग्णालयांतून जगाला उपयोगी पडेल असे उत्तर निघू शकते, हे या चाचणीने सिद्ध केले.

तोवर आपल्या हातात असलेले करू या. पहिल्या भेटीत विचारावे: दुखणे आपोआप उठते की चावताना, बोलताना? कुठे जाते? मुंग्या, बधिरपणा? शून्य ते दहापैकी किती? हेच बायोप्सीच्या फॉर्मवरही लिहावे. पॅथॉलॉजिस्टनी रिपोर्टमध्ये पेरिन्यूरल इन्व्हेजन आहे की नाही हे दर वेळी नमूद करावे. गप्प बसलेला रिपोर्ट 'नाही' असे सांगत नसतो. रेडिएशनचा निर्णय या एका ओळीवर झुकू शकतो. बधिरपणा असेल तर एमआरआयमध्ये फोरामेन ओव्हेलपर्यंतचा मार्ग पाहायला आवर्जून सांगावे.

आणि दुखणे नोंदवले की ते शमवलेही पाहिजे. २०१४ साली एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनची वाट बरीच मोकळी झाली. तरीही ज्या रुग्णालयाने मान्यतेसाठी अर्जच केलेला नाही, त्याने कायद्याकडे बोट दाखवू नये.

मुखकर्करोगाचे रुग्ण आपल्याइतके फार थोड्या देशांत आहेत. नर्व्ह रोखल्याने हा रोग आटोक्यात येतो का, याची चाचणी व्हायला हवी ती इथेच. पण उपचारापूर्वी दुखणे कसे होते हेच लिहिलेले नसेल, तर उपचारानंतर काय बदलले हे आपण कशाशी ताडून पाहणार?