पुडी बदलू या, धंदा टिकवू या

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा आपल्या बाजारपेठेत एकच ओरड झाली. बेकरीवाले, फरसाणवाले, बिर्याणीचे पार्सल देणारे, सगळेच धास्तावले. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार व तीन महिने कैद! समोसे तळून पोट भरणाऱ्याची कित्येक दिवसांची कमाई एका पावतीत जाते. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर प्लास्टिकचे चमचे, प्लेट, पेले आणि मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची फिल्मसुद्धा बंद केली.

आपले व्यापारी म्हणतात, मोठ्या कंपन्यांची वेफर्सची चकचकीत पाकिटे मात्र चालतात. ही तक्रार खरी आहे. त्या पाकिटात प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवालाही ती उचलत नाही. कंपन्यांवर कचऱ्याची जबाबदारी कायद्याने टाकली आहे, पण जागच्या जागी दंड भरावा लागतो तो छोट्या दुकानदारालाच. या अन्यायाविरुद्ध संघटनांनी जरूर बोलावे. मात्र तोपर्यंत गल्ला बंद ठेवून चालणार नाही.

काहींनी प्लास्टिक सोडून रद्दी पेपर धरला. ही मोठी चूक होय. गरम भज्यांच्या तेलात छपाईची शाई उतरते व ती पोटात जाते. २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाईच केली आहे. आमचे हे साप्ताहिकही वाचून झाल्यावर भज्यांना वापरू नये!

मग करावे काय? पदार्थ पाहून पुडी ठरवावी. नानखटाई, खारी, टोस्ट यांना साधे पुठ्ठ्याचे खोके पुरते. आत बटर पेपर घालावा, कारण रद्दीपासून बनलेला पुठ्ठा थेट खाण्याला लागू नये. रस्सा-बिर्याणीला उसाच्या चिपाडाचे डबे मिळतात. कोरड्या खाऊला पळसाची किंवा सुपारीच्या पोफळीची पाने आपल्या मुलखात आहेतच. नेहमीच्या गिऱ्हाइकाने घरून डबा आणला तर दोन रुपये कमी घ्यावेत. तो खोक्याचाच पैसा आहे.

खोक्यावर चकाकणारे लॅमिनेशन करू नये. त्याने खर्च वाढतो आणि रद्दीवाला ते घेत नाही. रद्दीवाला घेईल तेच खोके चांगले, ही सोपी कसोटी लक्षात ठेवावी. एकाच रंगात दुकानाचे नाव ठसठशीत छापले, घडी घालून बंद होणारी रचना केली, तर गोंदही वाचतो.

अडचण खर्चाची आहे, हे आम्ही जाणतो. एकट्याने डाय करून घेणे परवडत नाही. पण एका मोहल्ल्यातील पाच-सहा बेकरीवाल्यांनी एकाच मापाची डाय केली, पुठ्ठा एकत्र घेतला आणि नाव तेवढे आपापले छापले, तर भाव नक्कीच उतरेल. रमजानच्या गर्दीआधी दोन महिने हे ठरवावे. खोकी बनवणारे, छापणारे, पत्रावळ्या लावणारे हात आपल्याच वस्तीत आहेत. प्लास्टिकच्या पिशवीवर जाणारा पैसा त्यांच्या घरी गेला, तर बंदीतूनही बरकत निघेल.