युवराज आले, पण डबेवाल्यांच्या सवडीने

काल डोंबिवलीत एका साहेबांच्या हस्ते उद्घाटन होतं. पत्रिकेत वेळ अकराची, साहेब उगवले पाऊण वाजता. तोवर अर्धा रस्ता बंद, रिक्षा खोळंबलेल्या, शाळेची पोरं लेझीम घेऊन उन्हात. बातमी मीच दिली, हसऱ्या फोटोसकट. म्हणून हे लिहितोय.

नोव्हेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आपल्या डबेवाल्यांना भेटायला चर्चगेटला आले होते. डबे वेळेत पोचायलाच हवेत, त्यामुळे भेट बसवली ती डबेवाल्यांच्या सवडीत. मग २००५ मध्ये चार्ल्स-कॅमिला यांच्या लग्नाचं आमंत्रण आलं आणि रघुनाथ मेदगे, सोपान मरे थेट इंग्लंडला गेले. नवरीला आहेर काय, तर नऊवारी!

राजघराण्यांचं मला कौतुक नाही. त्या भेटीने डबेवाल्यांचं पोट भरलं असंही नाही. २०२० मध्ये लोकल थांबली तेव्हा कित्येकांनी गावचा रस्ता धरला. पण पाहुण्याने कामकऱ्याचं घड्याळ पाहून यायचं, एवढं तरी तिथे जमलं. आपल्याकडे पत्रिकेवर वेळ छापतात कशाला?

यापुढे साहेब किती वाजता आले, तेही माझ्या बातमीत येईल. पहिल्याच ओळीत.