कंबर बाईची, व्यायामशाळा कुणाची?

गेल्या बैठकीत कंबरदुखीचा विषय निघाला तेव्हा आपल्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला चांगलंच फैलावर घेतलं. "बाई चार घरची धुणीभांडी करून मरते आणि तू तिला व्यायाम सांगतेस? उद्या उपाशी बाईला उपवास सांगशील!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण पाच-सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांना मी स्वतः हेच ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत आणि मोठ्या तोऱ्यात. आज मला ते चूक वाटतं. का, ते लिहिते आहे. भांडायचंच तर मुद्द्यावर भांडू.

आमच्या वस्तीतल्या आरोग्य गटात बायकांच्या तक्रारींची एक नोंदवही आहे. कुठलंही पान उघडा, कंबर आहेच. घरकाम करणाऱ्या, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या, शिलाईवर बसणाऱ्या, घरातच राहणाऱ्या, सगळ्यांची. आणि उपचार? नाक्यावरच्या दवाखान्यात एक सुई, तीन रंगांच्या गोळ्या, "वाकू नका, वजन उचलू नका, आराम करा." वाकू नका म्हणजे काय करू नका हो? फरशी पुसू नका? पोराला उचलू नका? हंडा भरू नका? दुखणं परत आलं की पट्टा. आमच्या गटातल्या एका मावशींकडे असे तीन पट्टे आहेत. तिसरा घ्यायला त्यांनी भिशीतले पैसे काढले. २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कमरेचे पट्टे आणि वजनं लावून कंबर ओढणं हे नेहमीच्या उपचारात देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. मावशींचे तीन पट्टे भिंतीवर खिळ्याला लटकलेले आहेत.

पट्ट्याने निदान शरीरातलं काही जात नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये बोभाटा झाल्यावर सरकारला समिती नेमावी लागली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा बायकांत एक! देशातलं प्रमाण त्या सुमारास साधारण तीन टक्के होतं. अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं, कंबर धरते, असं सांगत बाई गेली की "पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल." उचल फेडायची असते, खाडा परवडत नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घ्यावी लागते. बाई काढून टाकते. तरुण वयात पिशवी गेली की पाळी जाण्याची लक्षणं लवकर सुरू होण्याची शक्यता वाढते, आणि सोबत बीजांडकोशही काढले असतील तर हाडं झपाट्याने विरळ होतात. म्हणजे कंबर दुखते म्हणून जे काढलं त्यानेच पुढे हाडं दुखायला लागतात. त्यानंतर परत सुई, गोळ्या, पट्टा.

इथे मला आपल्यालाही एक टोचणी लावायची आहे. १९८९ मध्ये राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून ९२ टक्क्यांना स्त्रीरोग असल्याचं जगापुढे मांडलं. 'बाई उगाच कुरकुरते' म्हणणाऱ्यांची तोंडं त्या कामाने बंद केली. ते आपल्या चळवळीचं मोठं धन आहे. पण त्यानंतर बाईच्या कमरेखालचं प्रत्येक दुखणं पिशवीचंच, अशी एक समजूत आपल्याही शिबिरांतून मुरली. गर्भाशयाचं चित्र आपण फळ्यावर डोळे मिटून काढतो. पाठीच्या स्नायूंचं चित्र मी तरी एकाही शिबिरात पाहिलेलं नाही. बाईला पिशवीइतकीच पाठही असते, हे आपणच विसरलो.

जे आता पक्कं कळलं आहे ते असं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी असलेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांत एखादं ठरावीक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. 'चकती सरकली' हे वाक्य ऐकून बायका हबकतात, पण कंबर मुळीच दुखत नसलेल्या चाळिशीतल्या निम्म्या माणसांच्या एमआरआयमध्येही चकती फुगलेली दिसते. दुखतंय म्हणजे आत काहीतरी मोडतंय असं दर वेळी नसतं. दुखतं म्हणून हालचाल कमी होते, स्नायू दुबळे होतात, भीती बसते, झोप जाते आणि तेवढ्याच कामाला जास्त दुखतं. हे चक्र उलटं फिरवायला व्यायामाचा उपयोग होतो. कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये २४९ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत चोवीस हजारांवर माणसं होती. काहीच न करणाऱ्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभराच्या मोजपट्टीवर सरासरी पंधरा गुणांनी कमी झालं. रोजच्या कामातला फरक त्याहून लहान होता. म्हणजे जादू नाही. पण सुया-गोळ्यांच्या नावाने जे विकलं जातं त्यापुढे ही मिळकत थोडी नाही, आणि तिच्यात पोट फाडावं लागत नाही.

आता मूळ आक्षेप. "ती दिवसभर कामच करते, अजून व्यायाम कशाला?" हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलं, नवऱ्यांकडून ऐकलं, गाडीवाल्या मालकिणींकडून ऐकलं. "आमची बाई बघा, तिला जिमची गरजच नाही!" आणि मग तेच आपल्या बैठकीत ऐकलं. एवढी भिन्न माणसं एकाच वाक्यावर एकमत होतात तेव्हा मला संशय येतो.

काम आणि व्यायाम एक नव्हे. फरशी पुसताना बाई तासभर उकिडवी सरकते, एकाच बाजूला वळून, तोच हात, तेच मणके. थांबायचं कधी हे ती ठरवत नाही. दुखलं तर कमी करता येत नाही, दमली तर उद्या सुट्टी नाही. व्यायामात दहा मिनिटं असतात, मध्ये विसावा असतो, आज पाच वेळा तर पुढच्या आठवड्यात सात वेळा अशी चढण असते. सगळ्या बाजूंचे स्नायू आळीपाळीने वापरले जातात, आणि मुख्य म्हणजे लगाम बाईच्या हातात असतो. कामाने शरीर खर्ची पडतं, तिथे व्यायामाने थोडी जमा होते. कष्टकरी बाईला या जमेची गरज नाही असं म्हणणं म्हणजे तिचं शरीर खर्चासाठीच आहे हे मान्य करणं. मी त्या डॉक्टरांना तोऱ्यात ऐकवलं तेव्हा हेच मान्य करत होते.

माझी स्वतःची कंबर बाळंतपणानंतर धरली. एमएसडब्ल्यू झालेली, पगारदार, मला कुणी पिशवी काढायला सांगितलं नाही. फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा. तिने माझ्या पाठीला हात लावून शिकवलं, चुकलं की परत करून घेतलं, घाबरले की समजावलं. घरी सासूबाईंनी बाळ धरलं, मी खोलीचं दार लावून चटई पसरली. त्याच महिन्यात आमच्या मावशींना मोठ्या दवाखान्यातून काय मिळालं? एक कागद. झेरॉक्सवर झेरॉक्स काढून काळपटलेला, त्यात चड्डी-बनियन घातलेला एक पुरुष जमिनीवर उताणा, गुडघे दुमडून कंबर उचलतोय. खाली इंग्रजीत सूचना. "दिवसातून दोनदा करा." पुढची बाई!

मावशींची खोली दहा बाय बारा. तिच्यात सहा माणसं, पलंगाखाली भांडी, पलंगावर सासरे. "ताई, मामंजींसमोर पाय वर करून कशी झोपू?" त्यांनी मला विचारलं. कागद त्यांनी डब्यात ठेवला. पुढच्या वेळी डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.'

व्यायाम फुकट असतो, असं सगळे म्हणतात. त्याला वेळ लागतो, उताणं झोपण्याएवढी जमीन लागते, बंद होणारं दार लागतं, कुणीतरी शिकवणारं लागतं. २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ८८. वीस मिनिटं काढायची कुठून, याचं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे आहे. म्हणून मी म्हणते, व्यायाम हा बाईला द्यायचा उपदेश नाही, तिच्यासाठी करायची मागणी आहे. उपदेश म्हणून दिला तर आपल्या ज्येष्ठ मैत्रिणीचं म्हणणं शंभर टक्के खरं.

मागणी कुणाकडे? पहिली घरात. दुसरी कामाच्या घरी. लांब दांड्याचा पोछा मागितला की "कोपऱ्यातलं निघत नाही" म्हणतात. मालकिणीचा कोपरा आणि बाईचा मणका यांत कोपरा जिंकतो. २००८ च्या घरकामगार कल्याण मंडळाच्या कायद्यात कल्याणाच्या योजना आहेत, पण आठवड्याची सुट्टी अजून ज्या-त्या बाईला भांडूनच मिळवावी लागते. तिसरी सरकारी दवाखान्यात. कागद नको, माणूस द्या. आठवड्यातून एक दुपार वस्तीत येणारी, मराठीत बोलणारी, साडीतल्या बाईला साडीत शिकवणारी.

आणि चौथी आमच्याच गल्लीत. वस्तीच्या तोंडाशी नगरसेवक निधीतून बांधलेली व्यायामशाळा आहे. आरसे, वजनं, दारावर बलदंड हनुमान. सकाळी-संध्याकाळी पोरं असतात, दुपारी कुलूप. आम्ही चौदा जणी दुपारी दोन ते तीन ही वेळ मागायला गेलो. मंडळाचे अध्यक्ष आधी हसले. मग म्हणाले, "बायकांना कसला व्यायाम? आणि देवाचा फोटो आहे, तुमच्या अडचणी असतात." सार्वजनिक पैशाची इमारत, तिच्यात अर्ध्या वस्तीला मज्जाव, आणि वर विटाळाचं कारण! शेवटी बालवाडी सुटल्यावरची खोली मिळाली. ओळखीतली एक फिजिओथेरपिस्ट सहा शनिवार आली. पाठीवर झोपून कंबर उचलणं, मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, पाटावरून हात न टेकता उठणं, आणि कामावर जाताना एक थांबा आधी उतरून चालणं. कुठला एक प्रकार सर्वांत श्रेष्ठ असं काही नाही, झेपेल ते नेमाने करायचं, एवढंच तिने बजावलं. चालण्याला तर हसू नका. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना चालण्याचा क्रम घालून दिला त्यांचं दुखणं परत यायला सर्वसाधारण २०८ दिवस लागले, इतरांचं ११२ दिवसांत परत आलं.

चौदांपैकी नऊ टिकल्या. दोघींनी आणखी एक घर धरलं म्हणून वेळ गेला, दोघींना घरून बंदी आली. एकीला संध्याकाळी ताप येत होता, वजन उतरत होतं. तिला फिजिओथेरपिस्टनेच थांबवून मोठ्या तपासणीला पाठवलं, मणक्याचा क्षय निघाला, औषधं चालू आहेत. हे लक्षात ठेवाच. ताप, वजन उतरणं, पायातली शक्ती जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पडल्यानंतरचं दुखणं, यांत व्यायाम नाही, थेट दवाखाना. मावशींचं दुखणं गेलेलं नाही. पण त्या आता भांडी घासून उठताना भिंत धरत नाहीत, आणि पिशवीच्या ऑपरेशनसाठी सावकाराशी बोलून ठेवलं होतं ते त्यांनी रद्द केलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पिशवी धडधाकट असल्याचं सांगितलं होतं.

जूनपासून बालवाडी दुपारचीही भरणार आहे, तेव्हा ती खोली जाईल. व्यायामशाळेच्या वेळेसाठी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज दिला आहे, तीस सह्यांचा, त्यांत सात पुरुषांच्या. इमारत कुणाच्या नावावर आहे, करार काय, याची माहिती माहिती अधिकारात मागितली आहे. तुमच्या भागात अशी जागा बायकांनी मिळवली असेल तर कशी, कागद कोणते लागले, मंडळाशी कसं निभावलं, ते पुढच्या अंकाच्या आत केंद्राच्या पत्त्यावर लिहून कळवा.