तंबोरा, लॅपटॉप आणि पन्नास हजारांची मर्यादा

गेला महिनाभर आमच्या सिल्वासाच्या घरात एकच विषय चघळला जात आहे. मुलीचा बारावीचा निकाल लागला, संगीताचीच पदवी घ्यायची असे तिने पक्के केले आणि दुसऱ्याच दिवशी विचारले, "पपा, कॉलेजसाठी कॉम्प्युटर कुठला घ्यायचा?"

प्रश्न साधा. पण घरात माणसे चार आणि मते पाच! फोंड्याहून आईचा फोन आला, "गाण्याक कॉम्प्युटर कित्याक रे? तंबोरो घे तिका." मेहुण्याचे म्हणणे, घ्यायचा तर मॅकबुकच, नाहीतर घेऊच नये. वापीच्या एका दुकानदाराने तर खेळ खेळायचा लॅपटॉप पुढे केला. त्याच्या कळांखालून लाल-निळे दिवे लागत होते. "साहेब, म्युझिकसाठी हाच बेस्ट," असे तो म्हणाला. पंखा सुरू झाला तेव्हा मला आमच्या कार्यालयातल्या जुन्या कूलरची आठवण झाली.

मी पडलो कारकून. माझ्यापुढचा खरा प्रश्न नियमाचा. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला संगणकासाठी जो अग्रिम मिळतो तो ५०,००० रुपये किंवा प्रत्यक्ष किंमत, यांपैकी जे कमी असेल तेवढाच. वर त्यावर व्याज. या चौकटीत राहून विचार करायचा म्हटल्यावर मला एक गोष्ट जाणवली. आम्ही सगळेच यंत्राची चर्चा करीत होतो, कामाची कोणीच करीत नव्हते. गाणे शिकणाऱ्या मुलीला कॉम्प्युटर नेमका कशासाठी हवा?

मुलीला समोर बसवून यादी केली. तीन कामे निघाली. ऐकणे, ध्वनिमुद्रण करणे आणि लिहिणे.

ऐकण्यासाठी साधा कॉम्प्युटर पुरतो, पण हेडफोन चांगला लागतो आणि तोही वायरचा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोहोचायला क्षणाचा उशीर होतो. नुसते गाणे ऐकताना तो कळत नाही. पण स्वतःचा आवाज ऐकत तालात गायला लागले की समेवर घोटाळा होतो.

ध्वनिमुद्रणाचा हिशेब मी कागदावर मांडला. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या, म्हणजे तासाला साधारण एक जीबी. रोज एक तासाचा रियाज नोंदवला तर वर्षाला ३६५ जीबी आणि तीन वर्षांत एक हजाराच्या वर. एका माणसाच्या गळ्याला एकच वाहिनी पुरते, तेव्हा हे निम्मे होईल. 'फ्लॅक'सारख्या प्रकारात साठवले तर दर्जा न घालवता आणखी कमी होईल. तरीही बाहेरची डिस्क घ्यावीच लागेल, आणि एक नव्हे, दोन. यासाठी ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्राम पुरेसा आहे. १६ जीबी रॅमची खरी गरज लागते ती कॉम्प्युटरमध्येच शंभर वाद्यांचा वाद्यवृंद उभा करणाऱ्याला, कारण त्या वाद्यांचे नमुने स्मृतीत भरावे लागतात. ख्याल शिकणाऱ्या मुलीला ८ जीबीत सुरुवात करता येते, फक्त पुढे वाढवायची सोय हवी. मात्र यंत्र शांत पाहिजे. माइकला राग कळत नाही; षड्ज आणि पंखा तो सारख्याच निष्ठेने टिपतो!

तिसरे काम लिहिण्याचे. पाश्चात्त्य स्वरलेखनासाठी म्यूझस्कोर फुकट मिळते. आपल्या भातखंडे पद्धतीचे तसे नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारसप्तकाला वर. गंमत अशी की वेदांतल्या स्वरचिन्हांसाठी युनिकोडमध्ये ज्या आडव्या-उभ्या रेघा आहेत, त्याच इथे कामी येतात. खालचे टिंब नुक्त्याने भागते, वरचे अनुस्वाराने. मीडेची कमान मात्र हातानेच काढायची. म्हणून मी मुलीला म्हटले, "बाये, वही सोडू नको." बंदिश हाताने लिहिली की अर्धी पाठ होते, हा माझा मराठीच्या कवितांवरचा जुना अनुभव आहे.

आता आईच्या आक्षेपाकडे येतो. यंत्राने गाणे बिघडते, हे मत काही नवे नाही. १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षे आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तिचे स्वर बांधलेले. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता, पण त्या काळातही मैफलीत पेटी वाजतच राहिली. उलट बाजूही पाहा. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या. पण त्यांच्या भैरवीची साडेतीन मिनिटांची एक मुद्रिका झाली म्हणूनच १९७७ साली ती व्हॉयेजर यानांवर चढली आणि आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेली आहे. यंत्र नसते तर केरीचा आवाज तिथे कसा पोहोचला असता?

म्हणून माझे मत असे आहे. विद्यार्थ्याच्या हाती कॉम्प्युटर असावा, पण तो श्रोता म्हणून असावा, गुरू म्हणून नव्हे. तो आपला बेसूर जसाच्या तसा ऐकवतो, आणि या बाबतीत आईवडिलांपेक्षा तो प्रामाणिक आहे. धोका आहे तो सूर आपोआप दुरुस्त करून देणाऱ्या प्रोग्रामांचा. ते गळ्याला बारा खणांत बसवतात, आणि चूक ऐकू येण्याआधीच पुसून टाकतात. चूक ऐकू आली नाही तर कान तयार कसा होणार?

हे मी जरा पोटतिडकीने लिहितो, कारण एक जखम आहे. माझे काका देवळात भजन करीत. गळा गोड होता. त्यांच्या गाण्याच्या सात कॅसेटी फोंड्याच्या घरी लाकडी कपाटात होत्या. नोकरीच्या मागे लागून मी त्यांच्याकडे पाहिलेच नाही. गोव्याचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहे. एका गणपतीत कपाट उघडले तर फितीवर पांढरी बुरशी. सातांपैकी एकही वाजली नाही. काका आता नाहीत. आयुष्यभर सरकारी फायली क्रमवार लावल्या, आणि घरच्या सात कॅसेटींची नक्कल केली नाही! म्हणून दोन डिस्कांचा आग्रह. एक तिच्याकडे, एक इथे. प्रत्येक नोंदीला तारीख, राग, ताल. आणि तालमीची नोंद गुरूंची परवानगी घेऊनच.

सिल्वासात राहून हे लिहिताना आणखी एक गोष्ट आठवते. १९५४ साली दादरा-नगर हवेली सोडवण्यासाठी पैसा हवा होता, तेव्हा पुण्यात लतादीदींच्या गाण्याचा कार्यक्रम करून निधी उभारला गेला. संगीतकार सुधीर फडके स्वतः या लढ्यात होते. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले, आणि पुढच्या १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवरून बाबूजींचे गीतरामायण सुरू झाले. म्हणजे ज्या गावात मी पगार घेतो, त्याच्या स्वातंत्र्याच्या खर्चात गाण्याचा वाटा आहे. आधी गळा होता, साधने त्यातून आली. हा क्रम उलटा करू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

असो. शेवटी आम्ही चाळीस हजारांच्या आतला, वजनाला हलका, दिवे नसलेला लॅपटॉप घेतला. फोंडा-पणजी कदंबाच्या बसने रोज न्यायचा आहे. हेडफोन, साधा माइक आणि दोन डिस्का साठवणीतून आल्या. आणि आईचे ऐकून मिरजेच्या तंबोऱ्यासाठी बाजूला ठेवायला सुरुवात केली. मेहुणा अजून नाराज आहे.

काल रात्री मुलीने पहिली नोंद केली. यमन, वीस मिनिटे. ऐकताना मध्येच माझी खोकल्याची उबळ आली आहे. मी म्हटले, तेवढे कापून टाक. ती म्हणाली, "असू दे पपा. तिथे गेल्यावर ऐकीन."