रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? आधी त्यांची उतरवा!



सध्या आपल्या पोरांत एक वाद रंगलाय. रिव्हॉल्व्हर घ्यावं का पिस्तूल? जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीत हाच वाद, चहाच्या गाड्यावर हाच, तिसरी पाळी सुटली की गिरणीच्या गेटवरही हाच. एक म्हणतो रिव्हॉल्व्हर, ते दगा देत न्हाय. दुसरा म्हणतो पिस्तूल, त्यात गोळ्या जास्ती बसत्यात. तिसरा मोबाईल काढून चित्रं दाखवतो. आणि कुठल्यातरी गावात आपल्या माणसाच्या अंगावर हात पडला की वाद पुन्हा पेटतो.

मी या वादाला हसणार नाही. ज्याच्या दारावर रात्री दगड पडतात त्याला हत्याराचं स्वप्न पडणारच. ज्यांच्या दारावर कधी दगड पडला नाही, त्यांनी या पोरांना शांततेचे धडे देऊ नयेत. पण वाद घालायचाच तर पुरा घालू. अर्धा घातलेला वाद म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा.

आधी हत्याराचंच बघू. गिरणीतल्या माणसाला यंत्र लवकर कळतं.

रिव्हॉल्व्हर म्हणजे जुना साधा माग. फिरती चकरी, तिच्यात बहुधा सहा घरं, एका घरात एक गोळी. घोडा ओढला की चकरी फिरते. एखादी गोळी फुटलीच नाही तर पुन्हा घोडा ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पण सहा संपल्या की रिकाम्या हातानं एक एक भरत बसा. पिस्तूल म्हणजे ऑटोमॅटिक माग. मुठीत गोळ्यांची पेटी, वरचा पत्रा दर गोळीला मागे जातो, रिकामं टरफल फेकतो, पुढची गोळी चढवतो. पेटी संपली की दुसरी बसवायची, काम झटपट. पण धोटा मधेच अडकावा तशी गोळी मधेच अडकते. ती सोडवायला सराव लागतो, डोकं थंड लागतं. अंधारात, पोरं रडत असताना, बाहेर जमाव असताना डोकं थंड ठेवणारा माणूस मला दाखवा. तेव्हा विचारताच आहात तर सरळ सांगतो: ज्याला सराव नाही, त्याला रिव्हॉल्व्हर बरं. झालं उत्तर. संपला वाद?

न्हाय लगा. इथनं तर सुरू होतो.

सिनेमात बघता ते नऊ एमएमचं पिस्तूल साध्या माणसाला मिळत नाही. पॉइंट अडतीसचं रिव्हॉल्व्हरही नाही. कायद्यानं ते प्रतिबंधित बोअर. आपल्या वाट्याला येतं ते पॉइंट बत्तीस, नाहीतर बावीस. दिल्लीच्या २०१२ च्या बलात्कारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. पॉइंट बत्तीसचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजन. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात! आता मला सांगा, आपल्या सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाईनं किती हजार विड्या वळल्या म्हणजे ती निर्भीक होणार? पहाटे कोयता घेऊन उसाच्या फडात उतरणाऱ्या मावशीनं किती टन ऊस तोडायचा? सरकारनं निर्भयपणाला किंमतीची चिठ्ठी लावली आणि दुकानात मांडला.

मग कोण म्हणेल, कट्टा आणू. तो स्वस्त पडतो. खरंय, स्वस्त पडतो, पण कुणाला? बिनपरवाना हत्यार सापडलं की शस्त्र कायद्याचं कलम २५ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान दोन वर्षं आणि वर पाचपर्यंत कैद आहे. गावच्या पाटलाच्या पोराच्या जीपमध्ये कट्टा असला तर तो हौशी पोरगा. आपल्या पोराच्या पिशवीत सापडला तर सगळी वस्ती गुन्हेगार. कट्टा घेणारा पोरगा स्वतःला वाचवत नाही, तो ठाण्याला फुकटचा पुरावा नेऊन देतो. ज्यानं मार खाल्ला तोच आरोपी! यापेक्षा स्वस्तात आपली चळवळ कुणाला मोडता येणार नाही.

जन्मावरून गुन्हेगार ठरवायचा धंदा या शहराला नवा नाही. सोलापूरची सेटलमेंट आठवा. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती आईच्या पोटातून गुन्हेगार ठरवल्या. तारेचं कुंपण, हजेरी, आणि दिवसा गिरण्यांना स्वस्त मजूर. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. म्हणजे देश मोकळा झाला १९४७ ला आणि ही माणसं पाच वर्षांनी. आता दुसरी बाजू बघा. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडव जमातीला इंग्रजांच्या काळापासून परवान्याशिवाय बंदूक बाळगायची सूट आहे. ती सूट २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. कोडवांशी आपलं भांडण नाही, त्यांचा तो मान त्यांना लखलाभ. पण हिशोब मांडा. या देशात जन्मावरून एकाला बंदूक आणि जन्मावरून दुसऱ्याला तार. मग कोण म्हणतं शस्त्राला जात नसते?

आपल्या हातात बंदूक नव्हती असं मात्र नाही. आपले बापजादे इंग्रजांच्या फौजेत होते, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या मैदानात होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. मग साहेबाला लढाऊ जातींचं खूळ लागलं आणि १८९० नंतर महारांची भरती बंद. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेच्या मंत्र्याकडे अर्ज केला, तेव्हाही दार उघडलं नाही. महायुद्धात माणसं मरायला कमी पडली तेव्हा १९१७ ला महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. पुन्हा महायुद्ध आलं, १९४१ ला महार रेजिमेंट. म्हणजे सीमेवर मरायला आमच्या हातात बंदूक चालते. गावात जगायला चालत नाही.

महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले आणि आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या. त्या गर्दीत लढाईवरून आलेले पेन्शनर शिपाई होते. बाबासाहेबांनी शब्द टाकला असता तर महाडात काय झालं असतं? त्यांनी तो टाकला नाही. हात आवरा म्हणाले. काही पंडित याचा अर्थ लावतात की बाबासाहेबांनी मार खायला शिकवलं. साफ खोटं. त्यांनी आपली जागा निवडायला शिकवलं. ज्या मैदानात पोलीस त्यांचे, मामलेदार त्यांचा, पंचनामा त्यांचा, तिथं आपली माणसं हकनाक घालवू नका.

अमेरिकेतही हेच झालं. ज्या ब्लॅक पँथरांच्या नावावरून १९७२ ला मुंबईत आपली पँथर उभी राहिली, ते १९६६ ला ओकलंडमध्ये निघाले ते स्वसंरक्षणाचं नाव घेऊनच. तिथल्या कायद्यानं भरलेली बंदूक उघडपणे बाळगता येत होती. काळी पोरं बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरायला लागली. काय झालं? कॅलिफोर्निया सरकारनं १९६७ ला कायदाच बदलला. गव्हर्नर रेगननं सही केली. गोऱ्याच्या हातात असेपर्यंत तो हक्क होता, काळ्याच्या हातात गेला आणि गुन्हा झाला. ही गोष्ट पाठ करून ठेवा.

आता खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगेंच्या घरातली आई, मुलगी आणि दोन मुलगे, चार जीव गावच्या जमावानं घेतले. त्या घरात रिव्हॉल्व्हर असतं तर? सहा गोळ्या आणि सगळा गाव. पण माझा सवाल वेगळा आहे. त्या बाईकडे हत्यार होतं. तिनं आधीच्या एका मारहाणीत साक्ष दिली होती. आरोपी ओळखून दाखवले होते. ते जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी तिच्या दारात आले. तिची साक्ष हेच तिचं हत्यार, आणि सरकारनं तिला ते हत्यार घेऊन एकटीला उभं केलं. खटल्यात शिक्षा झाल्या, फाशीच्या होत्या त्या २०१० ला हायकोर्टात पंचवीस वर्षांवर आल्या, पण ॲट्रॉसिटीचं कलम शेवटपर्यंत लागलं नाही. चार मुडदे पडले, तरी जात दिसली नाही.

आणि ऐका. खैरलांजी झाली तेव्हा एक नियम अकरा वर्षांचा झाला होता. ॲट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम, नियम तिसरा. पोरांनो, मोबाईलवर पिस्तुलाची चित्रं बघता तसा हा नियम बघा. त्यात लिहिलंय: जिथं अत्याचार होण्याची भीती आहे ते भाग सरकारनं आधी शोधावेत. गरज वाटली तर तिथल्या अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, मित्रांचेसुद्धा, आणि ती हत्यारं सरकारी कोठारात जमा करावीत. बेकायदा हत्यारं जप्त करावीत. आणि त्याच्यानंतर, जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत.

क्रम बघितला का? आधी त्यांची उतरवायची, मग आपल्याला द्यायची. आपले पुढारी व्यासपीठावरून फक्त शेवटचा तुकडा ओरडतात, आम्हाला बंदुका द्या! टाळ्या पडतात, पेपरात नाव येतं, आणि साहेब पोलिसांच्या बंदोबस्तात गाडीत बसून जातात. पहिला तुकडा कुणी उच्चारत नाही, कारण त्यात पाटील दुखावतो, आणि पाटलाकडं तिकीट असतं.

निवडणूक आली की ठाण्यात परवान्याची हत्यारं जमा करून घेतात, हे सगळ्यांनी बघितलंय. मतपेटीच्या जिवासाठी बंदूक उतरते. मग आमच्या जिवासाठी का उतरत नाही? मशीन फुटलं तर फेरमतदान घेता येतं. आमचं पोरगं मेलं तर फेरजन्म घेता येतो काय?

कोण म्हणेल, बुद्धाच्या वाटेनं चालणारे बंदुकीचा नियम कसला काढता? बाबा रे, मी बंदूक मागायच्या आधी बंदूक खाली ठेवायला सांगतोय, तीही ज्याच्या हातात आहे त्याला. यापेक्षा मोठा अहिंसेचा ठराव कुठला आणू? पण स्वसंरक्षणाचा हक्क मी सोडणार नाही. तो नव्या न्याय संहितेतही ३४ ते ४४ कलमांत लिहिलेला आहे. अंगावर आलेला हात अडवणं गुन्हा नाही, हे आपल्या आयाबहिणींना पाठ पाहिजे.

मग करायचं काय? वर्गणी काढून पिस्तूल न्हाय. त्या वर्गणीतून झेरॉक्स काढा. तिसऱ्या नियमाच्या मराठीत प्रती काढा. ज्या गावात बहिष्कार, वरातीवर दगड, स्मशानाचा वाद, त्या गावाचं नाव, तारीख, साक्षीदार लिहून काढा आणि अर्ज करा, की हा भाग अत्याचारप्रवण ठरवा आणि इथले परवाने रद्द करा. ज्याला खरोखर जिवाचा धोका आहे त्याचा परवान्याचा अर्जही सोबत लावा. शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. कारकून म्हणेल, तुझ्याकडं सात-बारा किती? त्याला शस्त्र कायद्याचं कलम १४ दाखवा: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर लेखी कारण मागा, वर अपील करा. एकाचा अर्ज टोपलीत जातो. शंभरांच्या अर्जांना फाईल उघडावी लागते. आणि साक्षीदार एकटा सोडू नका. त्याच्या घरापुढं रोज रात्री पाळी लावा, गिरणीत लावतो तशी, नावानिशी. २०१६ पासून कायद्यात कलम १५-अ आहे, साक्षीदाराचं संरक्षण सरकारवर बंधनकारक आहे. ते मागून घ्या, पण ते येईपर्यंत पाळी आपली.

रिव्हॉल्व्हरात सहा गोळ्या, पिस्तुलात आठ. शंभर माणसांची पाळी कुठल्या पेटीत बसते, ते मला दाखवा.

जयभीम!