बच्चूभाऊ, पऱ्हाटी थांबत नाही

चांदूर रेल्वे, डिसेंबर २०२५

मा. बच्चूभाऊ कडू यांस,


जूनमध्ये तुम्ही कर्जमाफीसाठी मोझरीला अन्नत्यागाला बसलात, तेव्हा इकडची माणसं येऊन-जाऊन होती. पेरणी व्हायची होती, हात रिकामे होते, अंतरही थोडं. २८ ऑक्टोबरला तुम्ही नागपूरजवळ महामार्ग अडवला, तेव्हा मात्र माझ्या ओळखीतले बरेच जण घरीच राहिले. त्यांच्या डोक्यावर कर्ज नव्हतं असं नाही. सोयाबीन मळायचं होतं, पऱ्हाटी फुटली होती, हरभऱ्याला वाफसा निघून चालला होता. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण ओला माल त्याच्या कितीतरी खाली घातला, तेव्हा कुठे कृषी केंद्राची उधारी मिटली. असा कास्तकार वावर सोडून तीन दिवस कसा येणार?

टीव्हीवर ट्रॅक्टरांची रांग पाहिली, छाती भरून आली. पण ट्रॅक्टर आणि डिझेल ज्याच्याकडे, तोच त्या रांगेत.

आमच्याकडे वेचाईला येणाऱ्या बाईला मी विचारलं. कापूस तोलून मजुरी, म्हणजे खाडा पडला की त्या दिवसाचं काहीच नाही. ती म्हणाली, “मोर्च्यात गेली त हप्ता कोन भरन?” तुमच्या मागण्यांत शेतमजूर होता, हे मान्य. पण घोषणा सातबारा कोरा करण्याची, आणि तिच्या नावावर सातबाराच नाही.

पोट जळलं की माणूस रस्त्यावर येतो, असं सभेत म्हणतात. मला तर तो सकाळी सहाला कामावर जाताना दिसतो. रस्त्यावर उतरायलाही घरात चार दिवसांचे दाणे लागतात. जुलैत तुम्ही पापळहून पायी चिलगव्हाणला, सहकुटुंब जीव दिलेल्या शेतकरी साहेबराव करपेंच्या गावी गेलात. पुरतं बुडालेलं घर किती गप्प होतं, हे तुम्हाला मी काय सांगू!

आता सरकारनं कर्जमाफीसाठी ३० जून २०२६ ही तारीख दिली आहे. ती कोणी काढली कोण जाणे, पण काढणाऱ्याला शेती कळत असावी. शब्द फिरला, तर त्या आठवड्यात सारा वऱ्हाड पेरणीत वाकलेला असेल.

म्हणून भाऊ, हाक मे महिन्यातच द्या. तेव्हा वखरणी उरकलेली असते, वेचाई कधीचीच संपलेली. त्या बाईच्या दिवसाची मजुरी आम्ही गावात वर्गणी करून देऊ. तिला बसायला ट्रॅक्टरवर जागा तेवढी ठेवा.

आपला,
एक कास्तकार