शाल-श्रीफळानंतरचे प्रशिक्षण

ऑलिव्हर मॅकगोवन 18 वर्षांचा होता. अपस्माराच्या झटक्यांसाठी ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयात दाखल झालेल्या या स्वमग्न मुलाला ओलान्झापिन हे मनोविकारांवरचे औषध देण्यात आले. अशा औषधांचा आपल्याला त्रास होतो, हे त्याने आधीच सांगितले होते. आई-वडिलांनीही बजावले होते. औषधाची तीव्र प्रतिक्रिया आली आणि नोव्हेंबर 2016 मध्ये ऑलिव्हर गेला. हा मृत्यू टाळता येण्यासारखा होता, असे 2020 मध्ये स्वतंत्र पुनरावलोकनाने नमूद केले.

त्याच्या भोवतीची माणसे शिकलेली होती. डॉक्टर, परिचारिका, अतिदक्षता विभाग, सगळे जागच्या जागी होते. स्वमग्न माणूस घाबरला की कसा वागतो आणि तो ‘नको’ म्हणतो तेव्हा ते किती गांभीर्याने घ्यायचे, एवढेच कोणी शिकवलेले नव्हते. ऑलिव्हरची आई पॉला मॅकगोवन यांनी हीच उणीव धरून ठेवली. त्यांच्या मोहिमेतून इंग्लंडमध्ये 2022 साली कायदा झाला: नियामक संस्थेकडे नोंदलेल्या प्रत्येक आरोग्य आणि सामाजिक सेवेने आपल्या कर्मचाऱ्यांना, ज्याच्या-त्याच्या कामाला साजेसे, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमतेविषयीचे प्रशिक्षण द्यायचे. ऑलिव्हरच्या नावाच्या या प्रशिक्षणाचा पहिला भाग संगणकावर उरकतो, आणि तो अनेक जण घाईघाईने ‘पुढे, पुढे’ करत संपवणार हे उघड आहे. खरी ताकद दुसऱ्या भागात आहे. तिथे स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसे प्रशिक्षक म्हणून समोर असतात. पाहुणे म्हणून नव्हे, तर मानधन घेऊन शिकवणारी म्हणून.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. 2 एप्रिल जवळ आला की जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनाच्या निमित्ताने सभागृहांची नोंदणी सुरू होते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तज्ज्ञांची चार भाषणे, जेवण, प्रमाणपत्रे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेल्या विशेष शिक्षकांना आणि थेरपिस्टना नोंदणी टिकवायला निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे (सीआरई) गुण लागतात, म्हणून खुर्च्या भरतातही. त्यात गैर काही नाही. ज्ञान ताजे ठेवायलाच हवे. पण ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती माणसे व्यासपीठावर दिसतात कधी? बहुधा शेवटच्या सत्रात, एखादे गाणे म्हणायला.

जिम सिंक्लेअर या स्वमग्न अमेरिकी कार्यकर्त्याने टोरांटोतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पालकांशी थेट संवाद केला तो 1993 मध्ये. मूल स्वमग्न निघाले म्हणून शोक करत बसू नका, त्याला आहे तसे भेटा, असा त्या मांडणीचा रोख होता. सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी पुढे 1996 पासून ‘ऑट्रीट’ हे शिबिर भरवले. तिथे छातीवर लाल बिल्ला म्हणजे माझ्याशी बोलू नका, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, हिरवा म्हणजे बोलायचे आहे पण सुरुवात जमत नाही. कागदाच्या तीन तुकड्यांत मावणारी ही सोय आहे. आपल्या परिषदांत मात्र कर्कश माईक, डोळ्यांवर येणारे दिवे आणि टाळ्यांचा कडकडाट, आणि विषय काय, तर संवेदनांचा अतिरेक!

दुसरा प्रश्न समोरच्या खुर्च्यांचा. तज्ज्ञांनी तज्ज्ञांना शिकवले, तर सावंतवाडीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलापर्यंत ते पोचणार कसे? याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यातच आहे. ‘संगत’ या संस्थेने गोव्यात आणि भागीदार संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ‘पास’ नावाचा प्रयोग केला. 2016 साली तो ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. मूळ पद्धत ब्रिटनची. आई किंवा वडील मुलाशी खेळतात, कार्यकर्ती त्याचे चित्रीकरण करते आणि मग दोघे मिळून ते पाहतात: मुलाने इथे नजर टाकली, इथे हात पुढे केला, इथे आपण थोडे थांबायला हवे होते. 65 मुलांच्या या चाचणीत हे काम तज्ज्ञांनी केलेच नाही. प्रशिक्षण दिलेल्या बिगरतज्ज्ञ आरोग्य कार्यकर्त्यांनी केले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी भरला, आणि संशोधकांनी तेही लपवले नाही. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. पण त्या कार्यकर्त्यांना एक दिवस भाषण देऊन सोडून दिले नव्हते. काम चालू असताना स्थानिक तज्ज्ञांची देखरेख होती. आपल्या एकदिवसीय कार्यशाळांत नेमके हेच गळते.

महाराष्ट्राला नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात 2013 मध्ये पालघरलाच झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला जातात. तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. पथकात आयुष डॉक्टर असतात, परिचारिका असते. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान आहे. तरीही मूल बोलत नाही म्हणून काळजीत पडलेल्या आईला ‘मुलगा उशिरा बोलतो, थांबा जरा’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो.

तेव्हा पुढच्या एप्रिलमध्ये एखाद्या जिल्हा परिषदेने एवढे करून पाहावे. तज्ज्ञांच्या परिषदेचा निम्मा खर्च अंगणवाडी सेविका आणि तपासणी पथकांच्या प्रशिक्षणाकडे वळवावा. त्यातला निम्मा वेळ स्वमग्न प्रौढ आणि पालकांना मानधनासह शिकवायला द्यावा. आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी न देता, सेविकेने सहा महिने प्रत्यक्ष मुलांबरोबर काम केल्यावर आणि ते काम कोणीतरी येऊन पाहिल्यावरच द्यावे.